ज्येष्ठमध रोज घ्यावं का? मुळीतला गोडवा, तिचं रसायन आणि धोका

आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय पन्नाशीच्या पुढे. बीपीसाठी अम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवणारी गोळी) चालू. घसा सारखा बसतो, जेवणानंतर छातीत जळजळते, म्हणून चार-पाच महिने सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा ज्येष्ठमधाची पूड कोमट पाण्यातून घेतली जाते आहे. घशाला आराम पडला. पण आता जिना चढताना मांड्या भरून येतात, संध्याकाळी मोज्याची खूण घोट्यावर उमटते आणि वरचं बीपी १३० च्या आसपास असायचं ते १५० च्या खाली यायला तयार नाही. शेवटी विचारलंय, "साधी मुळी आहे, तिचा या सगळ्याशी काही संबंध असेल का? की असंच चालू ठेवू?"

संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. पूड आजच बंद करा आणि उद्याच्या उद्या रक्तातलं पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन आणि जमल्यास मॅग्नेशियम तपासून घ्या. सोबत एक ईसीजी काढा. छातीत धडधड, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा हातपाय उचलता न येण्याइतका अशक्तपणा यांतलं काहीही असेल तर उद्याची वाट न पाहता आजच इमर्जन्सीत जा. बीपीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. क्लोरथॅलिडोनचं काय करायचं ते पोटॅशियमचा आकडा पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि त्यांना ज्येष्ठमधाबद्दल आपणहून सांगा. "आणखी काही औषधं घेता का?" या प्रश्नाला बहुतेक पेशंट "नाही" म्हणतात, कारण मुळी ही त्यांच्या लेखी औषधात मोडत नाही. माझ्याकडेही मी नाव घेऊन विचारलं तरच ही माहिती बाहेर येते.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. घोट्याची सूज अम्लोडिपिननेही येते, आणि पोटॅशियम क्लोरथॅलिडोननेही उतरतं. म्हणून नुसत्या सुजेवरून मी ज्येष्ठमधाकडे बोट दाखवलं नसतं. पण सूज, मांड्यांतला अशक्तपणा आणि गोळ्या तशाच चालू असताना चढलेलं बीपी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, त्याही महिनोन् महिने पूड घेतल्यानंतर, की संशय बळावतो.

आता कारण. ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते एकदा कळलं की किती घ्यावं, किती दिवस आणि कुणी घेऊ नये या प्रश्नांची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

ज्येष्ठमध ही शेंगावर्गातली वनस्पती. औषधात तिची मुळं आणि जमिनीखाली आडवी धावणारी खोडं वापरतात. ग्लायसिरायझा ग्लाब्रा, ग्लायसिरायझा युरालेन्सिस आणि ग्लायसिरायझा इन्फ्लाटा या तीन जाती व्यापारात येतात. पहिली भूमध्य समुद्राच्या भोवतालचा प्रदेश आणि पश्चिम आशियातली, दुसरी चीन-मंगोलियाकडची. बोटाएवढा जाड तुकडा मोडून पाहा. वरून तपकिरी, सुरकुतलेली साल, आत पिवळाधमक, चिवट तंतूंचा गाभा. सरळ तुटत नाही, धागे ओढत फाटतो. तोंडात धरला की गोडी लगेच येत नाही, हळूहळू येते आणि मग बराच वेळ रेंगाळते. शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला किंचित कडसर चव राहते.

ती गोडी साखरेची नाही. मुळीत साखर आणि पिष्टही असतं, पण खरी गोडी ग्लायसिरायझिनची. हे सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस काढणाऱ्या गटातलं द्रव्य. पूड पाण्यात घालून बाटली हलवली तर वर जो टिकाऊ फेस येतो तो त्याचाच. साखरेपेक्षा ते तीस ते पन्नास पट गोड भरतं. रचना पाहिली तर मधे स्टेरॉइडशी दुरून नातं सांगणारा एक मोठा सांगाडा, ग्लायसिरेटिनिक आम्ल, आणि त्याला टांगलेले ग्लुकुरॉनिक आम्लाचे दोन रेणू. पिवळा रंग फ्लॅवोनॉइडांचा: लिक्विरिटिन, आयसोलिक्विरिटिन आणि त्यांची भावंडं. याशिवाय ग्लाब्रा जातीत ग्लाब्रिडिन, इन्फ्लाटात लिकोचाल्कोन-ए, थोडी कुमारिनं आणि बुळबुळीत पॉलिसॅकराइड. औषधी गुण या सगळ्यांत वाटलेले आहेत. बीपी आणि पोटॅशियमचा त्रास मात्र जवळजवळ पूर्णपणे ग्लायसिरायझिनच्या खात्यावर जातो. गोडवा आणि धोका एकाच रेणूत आहेत, ही या मुळीची खरी अडचण.

ग्लायसिरायझिन अख्खं असताना आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, रेणू बराच मोठा आहे. आतड्यातले जिवाणू त्याचे दोन्ही ग्लुकुरॉनिक आम्लाचे तुकडे तोडतात आणि उरलेलं ग्लायसिरेटिनिक आम्ल रक्तात शिरतं. तिथून यकृतात, यकृतातून पित्तावाटे पुन्हा आतड्यात, आणि तिथून परत रक्तात, अशी त्याची फेरी चालते. त्यामुळे ते शरीरातून सावकाश बाहेर पडतं आणि रोजच्या रोज घेतलं तर साचत जातं. ज्यांना बद्धकोष्ठता असते त्यांच्या आतड्यात ते जास्त वेळ राहतं, म्हणून परत शोषलंही जास्त जातं. दोन माणसांनी सारखीच पूड घेऊन एकाला काहीच होत नाही आणि दुसरा हॉस्पिटलात पोहोचतो, यामागे आतड्यातले जिवाणू आणि आतड्याचा वेग यांचा मोठा हात आहे.

पुढचा खेळ मूत्रपिंडात. शरीरात सोडियम राखून पोटॅशियम लघवीवाटे टाकण्याचा हुकूम अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक देतं. ते पेशीतल्या ज्या रिसेप्टरवर (संप्रेरकाचा हुकूम घेणाऱ्या जागेवर) बसतं त्याच रिसेप्टरवर कॉर्टिसॉलही तितक्याच सहजतेने बसू शकतं, आणि रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या शंभर ते हजार पट असतं. तरीही एरवी गोंधळ होत नाही, कारण त्या पेशींच्या दारात एक राखणदार उभा असतो: ११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज टाइप २ हे एन्झाइम. आत येणाऱ्या कॉर्टिसॉलचं ते तिथल्या तिथे कॉर्टिझोन करतं आणि कॉर्टिझोनला त्या रिसेप्टरवर बसता येत नाही. ग्लायसिरेटिनिक आम्ल नेमकं या एन्झाइमला अडवतं. मग कॉर्टिसॉल बिनदिक्कत रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि मूत्रपिंडाला वाटतं अल्डोस्टेरॉनचा पूर आला आहे. सोडियम आणि पाणी साठतं, बीपी चढतं, पाय सुजतात, पोटॅशियम लघवीतून वाहून जातं, रक्त अल्कधर्मी होतं. खऱ्या अल्डोस्टेरॉनची पातळी मात्र कमी असते, ते स्रवायला लावणाऱ्या रेनिनचीही. ही जोडी रिपोर्टवर दिसली की डॉक्टरांनी ज्येष्ठमधाबद्दल विचारायलाच हवं. एन्झाइम जन्मतःच सदोष असण्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे, त्यात लहान मुलांनाही अगदी हेच होतं. ज्येष्ठमधाने त्याच आजाराची तात्पुरती नक्कल उभी राहते, इतकंच.

हे सगळं कळायला वैद्यकशास्त्राला चाळीसेक वर्षं लागली. नेदरलँड्समधले डॉक्टर रेव्हर्स पोटाच्या अल्सरसाठी ज्येष्ठमधाचा अर्क देत होते. गुण चांगला येत होता, पण १९४६ मध्ये त्यांनी नोंदवलं की साधारण पाचांतल्या एका पेशंटला चेहऱ्यावर आणि अंगावर सूज येते. १९६८ मध्ये कॉन यांनी (प्राथमिक अल्डोस्टेरॉनाधिक्याला ज्यांचं नाव आहे तेच) ज्येष्ठमधाच्या गोळ्या-मिठाईने तंतोतंत तसाच आजार होतो, पण अल्डोस्टेरॉन न वाढता, हे दाखवलं. दरम्यान ब्रिटनमध्ये ग्लायसिरेटिनिक आम्लापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार झालं होतं. जठरातला अल्सर भरून यायला ते खरोखर मदत करायचं आणि साठच्या दशकात बरंच वापरलं गेलं. पण सूज, बीपी आणि उतरलेलं पोटॅशियम हे दुखणं त्याच्याही मागे लागलं, आणि सिमेटिडिनच्या पिढीची, जठरातलं आम्ल कमी करणारी औषधं आल्यावर ते मागे पडलं. एन्झाइम अडवलं जातं म्हणून हे घडतं, हे १९८७ च्या सुमारास स्पष्ट झालं. म्हणजे उपयोग आणि अपाय हे दोन्ही एकाच मुळीत आहेत हे डॉक्टर पहिल्यापासून पाहत होते, फक्त दोन्हींचा धागा नंतर सापडला.

आता मात्रेचा हिशोब, कारण "एक चमचा" हे माप फसवं आहे. युरोपीय फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात) मुळीत निदान ४ टक्के ग्लायसिरायझिक आम्ल असावं अशी अट आहे, चिनी फार्माकोपियात निदान २ टक्के. प्रत्यक्षात जात, जमीन, मुळीचं वय यांनुसार प्रमाण याच्या कितीतरी पुढेही जातं. सपाट छोटा चमचा पुडीचं वजन साधारण अडीच-तीन ग्रॅम भरतं. ४ टक्क्यांनी तीन ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन झालं. दिवसातून दोनदा म्हणजे २४०. मुळी जोरदार असेल आणि चमचा शिगोशीग असेल तर आकडा सहज दुप्पट होतो. याउलट, बहुतेक प्रौढांना रोज १०० मिलिग्रॅमपर्यंत त्रास होण्याची शक्यता कमी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २००५ मध्ये म्हटलं होतं. युरोपातली मर्यादाही १०० च आहे. तीही सगळ्यांसाठी निर्धोक नाही. स्वीडनमध्ये २८ निरोगी तरुणांना दोन आठवडे रोज बरोबर १०० मिलिग्रॅम ग्लायसिरायझिन देऊन पाहिलं तेव्हा वरचं बीपी सरासरी ३ मिमीने वाढलं, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दबलं. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ३ मिमी म्हणजे निरोगी तरुणाला फारसं काही नाही. पण ज्याचं बीपी आधीच हाताबाहेर जातंय आणि जो त्याच्या दुप्पट-चौपट मात्रा पाच महिने घेतो आहे, त्याचं गणित वेगळं.

अखंड मुळीतलं ग्लायसिरायझिन शुद्ध ग्लायसिरायझिनपेक्षा कमी शोषलं जातं, हेही खरं. तुकडा चघळून चोथा थुंकला तर त्यातला थोडाच भाग पोटात जातो. काढ्यात बरंच उतरतं. पूड गिळली तर सगळंच आत. म्हणून "मीही घेतो, मला काही झालं नाही" असं सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, चघळता की गिळता?

पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असावं. ३ च्या खाली पाय गळायला लागतात: खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो, जिन्यात मध्येच थांबावंसं वाटतं, पोटरीत गोळे येतात, बद्धकोष्ठता वाढते. २.५ च्या खाली स्नायूंच्या पेशी फुटून लघवी चहाच्या रंगाची होऊ शकते, आणि हृदयाचे ठोके बिघडतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली एक केस प्रसिद्ध झाली. ५४ वर्षांचा माणूस जेवणाची आबाळ करून काही आठवडे रोज दीड पिशवी काळी लिकरिस कँडी (लिकरिस म्हणजे ज्येष्ठमधच) खात होता. हृदय बंद पडून त्याचा मृत्यू झाला, पोटॅशियम अतिशय उतरलेलं होतं. अमेरिकेच्या एफडीएचा (अन्न-औषध नियामक संस्थेचा) इशाराही याच धर्तीवर आहे: चाळिशीनंतर रोज सुमारे ५७ ग्रॅम काळी लिकरिस दोन आठवडे खाल्ली तर ठोके बिघडून हॉस्पिटल गाठावं लागू शकतं.

पूड बंद केल्यावर काय? घाई करू नका. साचलेलं ग्लायसिरेटिनिक आम्ल बाहेर पडून एन्झाइम मोकळं व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर पोटॅशियम देऊनही ते पुन्हा उतरू शकतं, म्हणून एकच तपासणी करून थांबायचं नाही. तीन-चार दिवसांनी पुन्हा आणि मग आठवड्याने पुन्हा पाहायचं. गरज पडली तर स्पायरोनोलॅक्टोन देतात, ते तोच रिसेप्टर अडवतं. बीपी काही आठवड्यांत खाली यायला हवं. दबलेलं रेनिन-अल्डोस्टेरॉन पूर्ववत व्हायला कधी कधी काही महिने जातात, त्यामुळे त्या चाचण्या लगेच केल्या तर अर्थ लावताना गोंधळ होतो. दोन-तीन महिन्यांनीही बीपी आणि पोटॅशियम जागेवर येत नसेल तर मात्र ज्येष्ठमधावर खापर फोडून मोकळं होऊ नका. अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींची तपासणी करायला हवी.

इतकं वाचून ज्येष्ठमध टाकूनच द्यावं असं कुणाला वाटेल. माझं मत तसं नाही. मी ते आजही सुचवतो, फक्त ठरावीक कामासाठी आणि शेवटची तारीख सांगून.

घसा आणि खोकला हे त्याचं सगळ्यात जुनं काम. आयुर्वेदात ते कंठाला हितकर द्रव्यांत मोजलं गेलंच, पण इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात ग्रीक थिओफ्रास्टस यानेही कोरड्या खोकल्यासाठी आणि तहान भागवण्यासाठी या मुळीची नोंद केली आहे. पॉलिसॅकराइडांचा बुळबुळीत लेप घशाची खवखव शमवतो, सॅपोनिनं कफ सुटायला मदत करतात. युरोपीय औषध संस्थेने सर्दीतल्या खोकल्यात कफ सुटण्यासाठी आणि अपचन-जळजळीसाठी याला मान्यता दिली, पण ती "परंपरागत वापर" या सदरात. म्हणजे दीर्घ वापराच्या आधारावर, मोठ्या चाचण्यांच्या नव्हे. हा फरक लक्षात ठेवावा. त्याच कागदावर दोन अटीही आहेत: चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि अठरा वर्षांखालच्यांना नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपयोग फारसा कुणाला माहीत नसतो. ऑपरेशनसाठी श्वासनलिकेत नळी घातल्यावर शुद्धीवर येणाऱ्या पेशंटचा घसा दुखतो. भूल देण्याच्या थोडं आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्या तर हे दुखणं बरंच कमी होतं, असं अनेक चाचण्यांत आढळलं आहे. ऑस्ट्रियात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अवघ्या अर्ध्या ग्रॅम ज्येष्ठमधाच्या गुळण्यांनी घसादुखीचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. यातली खुबी अशी की गुळणी थुंकून टाकायची असते. औषध जिथे हवं तिथे लागतं आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतच नाही. तोंड येण्यावरही हेच लागू. तोंडात चिकटवायची ज्येष्ठमधाची पट्टी किंवा गुळणी वापरून वेदना आणि व्रणाचा आकार कमी झाल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. बीपीच्या पेशंटचा घसा बसला असेल तर मी गिळायला न सांगता गुळणीच सांगतो, आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

पोटाचं म्हणाल तर ग्लायसिरेटिनिक आम्ल प्रोस्टाग्लँडिन मोडणाऱ्या एन्झाइमलाही अडवतं. जठरातलं प्रोस्टाग्लँडिन टिकलं की श्लेष्म्याचं अस्तर दाट राहतं. कार्बेनॉक्सोलोनचा गुण बराचसा असाच यायचा. धोका टाळण्यासाठी ग्लायसिरायझिन जवळजवळ काढून टाकलेला अर्क मिळतो, त्याला डीजीएल म्हणतात. बीपीच्या दृष्टीने तो बराच सुरक्षित. अल्सरवर त्याचा गुण किती, याबाबत जुन्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. साध्या अपचनावर फ्लॅवोनॉइड जास्त असलेल्या अर्काची ५० जणांवरची एक छोटी चाचणी २०१२ मध्ये झाली, तिचा निकाल बरा आला. मी डीजीएल दोन-चार आठवडे वापरून पाहायला हरकत घेत नाही. पण पन्नाशीनंतर महिनोन् महिने जळजळ आणि सारखा बसणारा आवाज असेल तर त्याचं कारण शोधलं पाहिजे. वर येणारं आम्ल स्वरयंत्रापर्यंत पोहोचत असेल, किंवा स्वरतंतूंवर काही असेल. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत पाहायलाच हवं. ज्येष्ठमधाने आराम पडत राहिला म्हणून हे पाहणं लांबलं, हे मला बीपीइतकंच खटकतं.

यकृतासाठी जपानमध्ये ग्लायसिरायझिनचं इंजेक्शन (सोबत ग्लायसिन आणि सिस्टीन) अनेक दशकं वापरात आहे. दीर्घकालीन हिपॅटायटिसमध्ये वाढलेली एन्झाइमं त्याने उतरतात, पण विषाणू जात नाही. तिथल्याच पारंपरिक औषधांत पायाच्या गोळ्यांसाठी ज्येष्ठमध आणि पिओनी या फुलझाडाच्या मुळाचं मिश्रण देतात. गोळे थांबतातही. पण फार दिवस घेतलं की पोटॅशियम उतरून पुन्हा गोळे येतात, आणि पेशंट औषध कमी पडतंय समजून आणखी घेतो.

विषाणूंवर: २००३ च्या सार्सच्या साथीत जर्मन संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर ग्लायसिरायझिनने विषाणूची वाढ रोखल्याचं दाखवलं. त्याला लागणारी मात्रा फार मोठी होती. पेशींच्या बशीतल्या निकालावरून रोज काढा ढोसण्यापर्यंत उडी मारू नये. कोविडच्या काळात ती अनेकांनी मारली.

त्वचेवर ग्लाब्रिडिन मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज एन्झाइमला रोखतं, म्हणून डाग फिके करणाऱ्या क्रीममध्ये ते असतं. परिणाम सौम्य आणि सावकाश. ग्लायसिरेटिनिक आम्लाचं मलम खाज-लाली शमवतं. तेही कॉर्टिसॉलच्या त्या राखणदार एन्झाइमलाच अडवून, त्वचेतलं कॉर्टिसॉल टिकवून. बाहेरून लावण्यात काळजीचं विशेष काही नाही. वजन, संप्रेरकं, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वगैरेंवर छोटे, एकमेकांना छेद देणारे अभ्यास आहेत. त्यांच्या जोरावर कुणी रोज घ्यावं असं मी म्हणणार नाही.

पोटात घेऊच नये अशी माणसं: बीपी, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, पोटॅशियम आधीच कमी, यकृत सिऱ्होसिसपर्यंत गेलेलं. लघवी वाढवणारी औषधं (फ्युरोसेमाइड, क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड) घेणाऱ्यांचं पोटॅशियम दोन्हीकडून गळतं. डिगॉक्सिन घेणाऱ्यांना उतरलेलं पोटॅशियम थेट विषबाधेकडे नेतं. प्रेडनिसोलोन किंवा तत्सम स्टेरॉइड चालू असेल तर ज्येष्ठमध त्याचं शरीरातलं विघटन मंदावतं, परिणाम वाढतो. ठोक्यांवर परिणाम करणारी औषधं, रोजची जुलाबाची औषधं, वॉर्फरिन यांच्यासोबतही नको. साठीपुढच्यांनी आणि किरकोळ शरीराच्या, कमी खाणाऱ्या माणसांनी विशेष जपावं.

गरोदरपणाबद्दल वेगळं सांगतो. वारेतही तेच राखणारं एन्झाइम असतं. आईचं कॉर्टिसॉल बाळापर्यंत पोहोचू नये म्हणून. फिनलंडमध्ये लिकरिस भरपूर खाल्ली जाते, त्यामुळे तिथे याचा चांगला अभ्यास झाला. आठवड्याला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लायसिरायझिन पोटात गेलेल्या स्त्रियांची बाळंतपणं थोडी लवकर झाली, आणि त्या मुलांच्या पुढच्या वयातल्या बौद्धिक चाचण्यांचे गुण सरासरीने कमी आले. असे अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाहीत. पण यंत्रणा माहीत आहे, दिशा तीच दिसते, आणि ज्येष्ठमधावाचून कुणाचं अडत नाही. गरोदर स्त्रीने पोटात घेऊ नये, इतकं मी ठामपणे सांगतो.

बाकी निरोगी प्रौढाने सर्दी-खोकल्यात दीड-दोन ग्रॅम मुळी कपभर उकळत्या पाण्यात घालून दिवसातून दोनदा, आठवडाभर घेतली तर मला चिंता वाटत नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियात पुडीची मात्रा २ ते ४ ग्रॅम दिली आहे, आणि जर्मनीच्या कमिशन ई या वनौषधी तपासणाऱ्या समितीने दिवसाला ५ ते १५ ग्रॅम मुळी, पण चार ते सहा आठवड्यांपुरतीच, असं म्हटलं होतं. १५ ग्रॅम हा आकडा आजच्या माहितीत मला फार वाटतो.

घेताना आणखी एक पाहायचं: ज्येष्ठमध आपण म्हणतो तिथेच असतं असं नाही. खोकल्याची सिरपं, घशाच्या गोळ्या, हर्बल चहा, आम्लपित्ताची चूर्णं, कडू औषधांची चव झाकणारी मिश्रणं, सगळ्यांत ते असू शकतं. तंबाखूतही घालतात. तंबाखू चघळून रस गिळणाऱ्या माणसाचं पोटॅशियम उतरल्याचं १९८० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे. दोन-तीन अशा वस्तू एकदम चालू असल्या की बेरीज कुणी करत नाही. उलट, लिकरिस नावाच्या काही कँडीत मुळी नसतेच, बडीशेपेच्या जातीच्या तेलाचा वास असतो. लाल रंगाच्या कँडीतही ती नसते. मुळी घ्यायची तर पूड न घेता काड्या घ्या: आत पिवळा रंग, तंतू, गोडी या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी-जिभेने पारखता येतात. गुंजेचं मूळ ज्येष्ठमध म्हणून खपवलं जातं, आणि त्या वेलीच्या बियांत अब्रिन हे जहाल विष असतं. पुडीत काय मिसळलंय हे नुसतं पाहून कळत नाही. तयार अर्क किंवा कॅप्सूल घेत असाल तर लेबलवर ग्लायसिरायझिन किती टक्के किंवा मिलिग्रॅम आहे ते वाचा. तो आकडाच छापलेला नसेल तर ती बाटली परत ठेवा.